माझ्या कळपात ये

पसरलेल्या कातड्यावर आंद्रीस मामाने काडतुसं मांडली. पहिल्या बंदुकीची नऊ, दुसरीची चौदा, तिसरीची नऊ. मग एलियासची पिशवी उलटी केली आणि एकेक काडतूस वेचून ओळीत लावलं. अकरा भरली. त्याने ती पुन्हा मोजली, या वेळी जोड्या लावून. पाच जोड्या झाल्या आणि एक सुटं उरलं. टीटसची बंदूक आणि तिची सहा काडतुसं कातड्यावर नव्हती, टीटसही तळावर नव्हता.

या वाळवंटात जर्मन फौजेशी लढाई सुरू झाल्यापासून काडतूस त्यांच्याकडूनच हिसकावून आणावं लागे. म्हणून कुणी बाहेर पडताना आणि परत आल्यावर ती उजेडात सगळ्यांसमोर मोजायची, अशी शिस्त होती. काल सकाळी विहिरीकडे निघताना मामाने एलियासच्या ओंजळीत किती टाकली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हाही अकराच होती.

"शहामृग अंड्यांवर बसतो तसा बसला होतास की काय यांच्यावर?" मामा म्हणाला.

मामाने भाच्याची थट्टा करायची, भाच्याने ती सोसायची किंवा उलटवायची, हे नेहमीचंच. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. एलियासने थट्टा उलटवली नाही.

"गोळी अडकली," तो म्हणाला. "वाळू गेली होती आत."

मामाने त्याची बंदूक मांडीवर घेतली आणि गोळी आत सरकवणारा बोल्ट मागे ओढला. तेल दिलेला बोल्ट आवाज न करता मागे आला. मामाने आत पाहिलं, बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग आपल्या कोटाच्या फाटक्या अस्तराची एक चिंधी ओढून काढली, स्वच्छ असलेली जागा बराच वेळ पुसली आणि ती चिंधी वाऱ्यावर झटकली.

"वाळू होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या वाऱ्यात कुणाचीही अडकेल."

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी म्हणाली की गेल्या महिन्यात तिच्या जावयाचीही अशीच अडकली होती. एलियासला तिच्याकडे बघवेना. तो आपल्या घोडीपाशी जाऊन उभा राहिला आणि आधीच सैल असलेला पट्टा आणखी सैल करू लागला.

काल दुपारी टेकडीच्या माथ्यावर तो आणि टीटस पालथे पडून तासभर विहीर न्याहाळत होते. आसपास कुणी नव्हतं. टीटसचा घोडा महिन्यापूर्वी मेला होता, म्हणून दोघं या एकाच घोडीवर आले होते. टीटसने पाण्याच्या तीन कातडी पिशव्या खांद्याला लावल्या आणि खाली बघत जरा रेंगाळला.

"बिनघोर जा," एलियास म्हणाला होता. "कुणी दिसलं की एक गोळी झाडतो. थोरल्या बहिणीची शपथ, तू वर येईपर्यंत मी इथून हलत नाही."

याच्यापेक्षा मोठी शपथ नव्हती. देवाची शपथ लोक मिशनच्या शाळेत घेत. टीटस मात्र हसला होता.

"अरे, माझ्याच बायकोची शपथ मलाच घालतोस? काय माणूस आहेस!" आणि हसतच तो उतारावरून खाली गेला होता.

दोन पिशव्या भरून झाल्या असताना पश्चिमेकडून धूळ दिसली. एलियासने घोडेस्वार मोजले. चाळीस होते. त्याने नेम धरला, बोट चापावर ठेवलं. गोळी झाडली तर टीटसला कळेल, आणि चाळीस जणांना आपण कुठे आहोत तेही कळेल, एवढाच हिशेब त्या वेळी डोक्यात होता. मग आपण मागच्या उतारावर आहोत, लगाम हातात आहे, असं त्याच्या ध्यानात आलं. तो कधी उठला हे त्याला आठवत नव्हतं. बऱ्याच अंतरावर गेल्यावर मागून दोन आवाज आले. ते कुणाच्या बंदुकीचे, हे ऐकायला तो थांबला नाही.

त्याची थोरली बहीण सुझान्ना आपल्या चुलीपाशी रानकलिंगडाच्या भाजलेल्या बिया कुटत होती. एलियासकडे तिची पाठ होती. ती नेहमीच असे. एलियास वयात आल्यापासून, म्हणजे सोळा वर्षांत, दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोलले नव्हते. भावाने बहिणीशी असंच वागायचं. तिच्याजवळ एकट्याने बसायचं नाही, तिच्यासमोर वावगं बोलायचं नाही, काही सांगायचं असेल तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. काल संध्याकाळी तळावर येऊन चाळीस स्वारांचं आणि मागे राहिलेल्या टीटसचं जे सांगितलं तेही त्याने मामाला सांगितलं होतं, आणि तिने मामाकडून ऐकलं होतं. ऐकून ती रडली नव्हती. फक्त टीटसचं पांघरूण उचलून घडी करून ठेवलं होतं.

आता मुसळ थांबलं.

"मामा," ती मान न वळवता म्हणाली, "त्याला विचार, टीटस पाणी प्याला होता का?"

एलियास आठ पावलांवर होता. त्याला स्वच्छ ऐकू आलं. तरी मामाने चेहरा त्याच्याकडे केला.

"विचारतेय, टीटस पाणी प्याला होता का."

"नाही," एलियास म्हणाला. "आधी पिशव्या भरत होता."

"नाही म्हणतो. आधी पिशव्या भरत होता."

"असाच आहे तो," सुझान्ना म्हणाली. "लग्नातसुद्धा सगळ्यांना वाढून मग जेवायला बसला. तोवर मटण संपलं होतं."

दोन बायका हसल्या. सुझान्नाही हसली असावी, तिचे खांदे हलले. मग ती पुन्हा कुटायला लागली. एलियासने पट्ट्याची बकल सोडली, लावली, पुन्हा सोडली. घोडी मान वळवून त्याच्याकडे बघू लागली.

"मामा," तो म्हणाला. "तिला सांग, माझ्या कळपात ये."

मुसळ हवेत थांबलं. थोरल्या बहिणीच्या नावाने घेतलेली शपथ मोडली, तर ती भावाच्या कळपात येऊन हवं ते जनावर निवडून नेते. तिला कुणी अडवायचं नाही. पण हे बोलावणं सहसा दुसरं कुणी उघडं पाडल्यावर येतं. स्वतःहून दिलेलं म्हाताऱ्यांनीही फारसं ऐकलं नव्हतं.

"कसला कळप?" मामा घाईने म्हणाला. "एक घोडी आहे तुझी. तिच्या बरगड्या इथून मोजता येतात मला. भुकेनं तुझं डोकं फिरलंय, भाच्या. बस खाली."

"ये म्हणावं तिला."

"कशाची शपथ होती?"

"टीटस वर येईपर्यंत हलणार नाही. कुणी दिसलं तर एक गोळी झाडीन."

"मग झाडणार होतासच की तू. बंदूक अडकली." मामाच्या मुठीत अजून ती चिंधी होती. तो एलियासकडे एकटक बघत होता. "वाळू होती. मी स्वतः काढली."

"नाही अडकली, मामा."

मामाने मूठ कोटाच्या खिशात घातली आणि तिथेच ठेवली. मघा जावयाबद्दल बोललेली म्हातारी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

सुझान्नाने बियांचं पीठ भांड्यात काढलं. त्यावर झाकण ठेवलं. हात पुसले आणि उठून एलियासकडे आली. तो रीतीप्रमाणे बाजूला सरकला आणि त्याने जमिनीकडे नजर लावली. तिचे पाय त्याला दिसत होते. अनवाणी, भेगा पडलेले, डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं. सोळा वर्षांत त्याने ते इतक्या जवळून पाहिले नव्हते. ते पाय खोगिरापाशी थांबले आणि मामाजवळच्या बंदुकीकडे न वळता घोडीभोवती एक फेरी मारून आले. तिने घोडीचा ओठ उचलून दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले. बाजारात बघतात तसं, सावकाश.

"मामा, ही नेते."

"पोरी, विचार कर. घोडी नेलीस तर हा पायी पडेल. या वाळूत पायी माणूस म्हणजे..."

"माझ्या नावाची शपथ होती, मामा. निवड माझी."

"तुझीच आहे. पण आज कापून खाल्लीस तर दोन दिवसांचं मांस, आणि मग?"

"कापायला कोण नेतंय?" तिने खोगीर सरळ केलं आणि एलियासने सैल केलेला पट्टा गुडघा टेकवून दोन भोकं जास्त आवळला. "विहिरीवर चाललेय."

"तिथे चाळीस जण आहेत!"

"चाळीस घोड्यांना ती विहीर किती पुरणार? पिऊन गेले असतील पुढे."

"आणि नसतील गेले तर? बायकांना सोडतात असं वाटतं तुला?"

"सोडत नाहीत. पण आधी हाका मारतात. तेवढ्यात मला पळता येतं." रिकिबीत पाय ठेवून ती थांबली. आता ती मामाशी बोलत होती, पण आवाज जरा मोठा झाला होता. "टीटस विहिरीत उतरला तो याच्यावर विसंबून नाही. याला तो पुरता ओळखतो. तो माझ्या नावावर विसंबून उतरला. मग त्याला आणायला मीच जायला नको?"

हे एलियासपर्यंत पोचवायला मधल्या माणसाची गरज नव्हती. मामाने सांगितलंही नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर तळ हलवायची तयारी सुरू झाली. काल एलियास ज्या वाटेने आला, त्या वाटेने त्याचा माग काढत स्वारही येत असणार, हे कुणी बोलून दाखवलं नाही. पुढचं पाणी आग्नेयेला, काळ्या खडकाच्या कुंडात, दीड दिवसाच्या चालीवर होतं. ते सुझान्नालाही माहीत होतं. तिच्यासाठी खूण ठेवायची गरज नव्हती. तिच्या झाकलेल्या भांड्याला एका बाईने दोरी बांधली आणि ते आपल्या पाठीवर घेतलं.

मामाने काटेरी झुडपाची एक दाट फांदी तोडून एलियासच्या हातात दिली. ज्या गड्याकडे घोडा नाही त्याने सगळ्यांच्या मागे चालायचं आणि पावलं पुसायची. हे काम बहुतेक वेळा पोरांना देत. देताना मामा काहीतरी बोलेल म्हणून एलियास थांबला. थट्टाही चालली असती.

"पोराबाळांच्या मागे शंभर पावलं अंतर ठेव," मामा म्हणाला आणि वळला.

वीस माणसं आणि नऊ शेळ्या. त्या दिवशी दुपारपासून ते वाळूच्या दोन टेकड्यांमधल्या घळीतून चालत राहिले. एलियास उलटा चालत होता, फांदी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वळून बघितलं की पुढे माणसं दिसायची, आणि मागे कुणी कधी गेलंच नव्हतं अशी सपाट वाळू. मुक्कामाला त्याच्या वाट्याचं रानकलिंगड एका दगडावर ठेवलेलं होतं. कुणी आणून दिलं नाही, पण वाटा कमी नव्हता. त्याने तो कापला आणि अर्धा परत ठेवून दिला. सकाळी निघताना तो अर्धा तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फांदीखालची वाळू बदलली. वीस माणसांचे पाय आतापर्यंत सरळ रेषेत चालले होते. इथे ते एकदम डावीकडे वळले, अर्धवर्तुळ करून पुढे गेले आणि मग पुन्हा सरळ झाले. शेळ्यासुद्धा वळवून नेल्या होत्या. त्या अर्धवर्तुळात काहीतरी होतं, आणि त्यावर कुणी पाय पडू दिला नव्हता.

एलियास पुढे बघत उभा राहिला. लोक शंभर पावलांवर होते. हाक ऐकू आली असती. कुणी मारली नव्हती.

तो वाकला. पश्चिमेकडून घोडीचे खूर येत होते. त्याने एका ठशात बोट घातलं. वाळू दुसऱ्या पेरापर्यंत दबली होती. एकट्या बाईच्या वजनाने ती एवढी दबत नाही. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे माग सकाळचा होता. खूर घळीच्या पूर्वेच्या चढापर्यंत तसेच खोल गेले होते. चढ सुरू होताच ते उथळ झाले. इथली वाळू भुसभुशीत होती. थकलेली घोडी ओझं घेऊन वर चढली नसती. चढाच्या पायथ्याशी वाळू विस्कटलेली होती, कुणीतरी उतरलं असावं किंवा कुणाला उतरवलं असावं. एका बाजूला एक काळपट डाग होता, मुठीएवढा, वाळलेला.

तिथून वर अनवाणी पाय गेले होते. डाव्या अंगठ्याची टोकाची कड बोथट उमटली होती. दोन्ही पाय प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत रुतले होते. त्यांच्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर, बूट उमटला होता. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. विहिरीकडे उतरण्याआधी टीटस टेकडीवर त्याच्या जरा पुढे पालथा पडला होता तेव्हा हीच टाच एलियासच्या तोंडासमोर तासभर होती.

एलियासने फांदी खाली ठेवली. गुडघ्यावर बसून, कशावर सावली पडू न देता, त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत बुटाचा एकेक ठसा मोजला. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत उलटा मोजला. दोन्ही वेळा आकडा एकच आला.

उजव्या बुटाचे चौतीस ठसे होते. डाव्या बुटाचा एकही नव्हता.