बाटलीवरची टिचकी

मोतीबिंदू काढताना डोळ्यात सतत एक द्रव सोडावा लागतो. तो महागडा. त्याऐवजी नेहमीचं स्वस्त सलाइन चालेल का, हे डॉक्टरीणबाई तपासत होत्या. दोन्ही बाटल्यांना सारख्याच हिरव्या पिशव्या. कुठली कोणती ते कुणाला कळू नये म्हणून. चिठ्ठीत निघेल ती बाटली टांगायची, सर्जनने तिला हात लावायचा नाही. नियम बाईंचाच. तो मोडला म्हणून एका सहकाऱ्याला त्यांनी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

मग आईच्या डोळ्याची पाळी आली.

"तू यात नको, आई."

"का गं? लोकांच्या आया चालतात ना?" म्हणत आईने संमतीपत्रावर सही ठोकली.

आई टेबलावर, तोंडावर हिरवं कापड. हात धुवायला जाता जाता बाईंनी बाटलीवर टिचकी मारली. बद्द आवाज. म्हणजे प्लास्टिक, म्हणजे स्वस्तातलं. महागडं काचेत येतं, टणकन वाजतं. बाईंनी नजरेनेच दुसरी मागितली. सिस्टरने निमूटपणे बदलली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आईला तक्त्यावरची शेवटची ओळही दिसली. आई खुशीत बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई सहीसाठी अडून बसली होती.

"डोळ्याचं काही झालं तर सुई कशी ओवू?"

"अहो, डॉक्टर माझी लेक आहे. सख्ख्या आईला घातलंय तिने यात. तुम्ही कशाला घाबरता?"

शिवणकामवालीने सही केली. दारात उभ्या डॉक्टरीणबाईंचे कान शरमेने तापले. तोंड मात्र उघडलं नाही. एरवी काय तोफखाना!

तिची पाळी आली तेव्हा टेबलाशी सिस्टरने नवी बाटली टांगली आणि हळूच विचारलं, "मॅडम, वाजवून बघायची?"

बाईंना तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं.

कापडाखालून आवाज आला, "डॉक्टर, तुमच्या आईंना लावलं तेच ना हे?"

हो म्हटलं की विषय मिटत होता.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आईसाठी चिठ्ठी निघाली ती बाटली मी बदलली. महागडी लावली."



"मग मलाही तीच लावा."

सिस्टरने काचेची बाटली आणली. बाहेर आई पुढच्या पेशंटला सांगत होती, "घाबरू नका हो, माझी लेक आपपरभाव करत नाही."