आतली कड

कृष्णातने पिकअप नागराजच्या टायरच्या दुकानासमोर उभी केली ती फक्त हवा भरायला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर जनरेटर, आणि तो अकराच्या आत व्हाइटफील्डच्या लग्नाच्या हॉलवर पोचवायचा होता. शेजारी मुलगी शिवलीला बसली होती. तिचं ऑफिस त्याच वाटेवर. आई गेल्यापासून ती रोज बापाच्याच गाडीतून जायची.

नागराजचं घर के. आर. पुरमात चार पिढ्यांचं; मराठी बोलायचा, पण कन्नड मिसळून. मागच्या चाकाजवळ वाकला आणि तसाच थांबला.

"अण्णा, स्वल्प खाली या."

"उशीर झालाय रे. हवा भर की."

"भरली तर फुटंल. हात घाला. भायरनं नव्हं, आतनं."

कृष्णातने हात घातला. बाहेरून टायर बरा दिसत होता. आतली कड मात्र तव्यासारखी गुळगुळीत, आणि पुढे बोटाला काही टोचलं. तार.

"दुसरं बी असंच. एवढं वजन ओढता, हवा कमी, मग आतल्या कडा आधी जातात. पुढची चाकं मागं कधी घातली होती?"

"आठवत न्हाई."

"वहिनींना आठवायचं," नागराज म्हणाला.

कृष्णातची बायको यल्लव्वा दर अमावास्येला गाडीची पूजा करायची. आधी चारही चाकं धुवायची, काथ्या घेऊन पार आतपर्यंत हात घालून. मग हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. कृष्णात वर बसून हॉर्न वाजवायचा.

"आटप की. गाडी हाय, नवरदेव न्हवं."

"नवरदेवाला एवढं घासावं लागत न्हाई," ती खालून म्हणायची. तीनदा तिने खिळा काढून दिला होता. कधी म्हणायची, "आतनं गुळगुळीत लागतंय, नागराजकडं जाऊन या." तो जायचा. त्यामागे काही विचार आहे असं त्याला कधी वाटलं नाही. बाई देवाचं करते, एवढंच.

ती गेली तेव्हा भावकीने सांगितलं, वर्षभर पूजा नाही, सण नाही. त्याने ते काटेकोर पाळलं. दहा अमावास्या गेल्या. चाकाच्या आत कुणाचा हात गेला नाही.

त्याने वर पाहिलं. शिवलीला डबा मांडीवर घेऊन फोन बघत होती. रोज ती याच चाकांवर बसून गेली होती. उड्डाणपुलाच्या उतारावर मागून ट्रेलर ढकलत असायचा.

हॉलवाल्याचा फोन आला. "सर, माझा जनरेटर येणार न्हाई आज वेळेत. दुसऱ्याला सांगा," कृष्णात म्हणाला. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नागराज, मागची दोन्ही नवी घाल. शिवा, तू मेट्रोनं जा."

"थांबते, आप्पा."

नवी चाकं बसली. नागराजने गल्ल्याजवळचं लिंबू उचललं. "ठेवू?"

"वर्ष व्हायला दोन महिने हायत. बादली दे."

नव्या चाकांत धुण्यासारखं काही नव्हतं. तो पुढच्या चाकाशी बसला, फडकं ओलं केलं आणि आत हात घातला. हात यल्लव्वाइतका सहज जात नव्हता. कोपर घासलं.

शिवलीला उतरली, बाह्या वर केल्या आणि पलीकडच्या चाकाशी बसली.

"काय लागलं तर सांगायचं, आप्पा?"

"गुळगुळीत," तो म्हणाला. "बघून न्हाई कळत, पोरी. हात फिरव."