पाण्याचं पान

पहाटे पाच चाळीसला कल्लप्पाचा फोन आला.

"पोरी, पान पांढरंच हाय की. चाक नुसतं फिरतंय."

प्रतिक्षा अंथरुणात उठून बसली. कल्लप्पा वस्तीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारा चावीवाला. पाणी यायचं पाचव्या दिवशी, तेही प्रत्येक गल्लीला वेगळ्या वेळी. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं फोनवर उघडणारं हे वेब-पान केलं होतं. गल्लीचा नंबर, पाण्याची वेळ, बस्स. एका हातात लोखंडी चावी धरून कल्लप्पा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वेळ भरायचा आणि चारशे घरं ती बघायची. साध्या कोडमध्ये लिहिलेलं ते पान त्याच्या तडा गेलेल्या फोनवरही बोट टेकताच उघडायचं. लोक किती वेळ थांबतात हे मोजायची सोय तिनं ठेवली होती. बहुतेक जण चार सेकंद थांबत. वेळ बघत आणि कळशी उचलत.

काल दुपारी तिनं ते काढून त्याच पत्त्यावर नवं पान चढवलं होतं. काम तेच, पण फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कंपन्या वापरतात त्या तयार पण जड सांगाड्यावर केलेलं. नोकरीच्या अर्जासाठी पुण्याच्या एका कंपनीला आज अकरापर्यंत लिंक हवी होती. अट अशी, की काम फ्रेमवर्कमधलं असावं आणि लोक ते खरोखर वापरत असावेत. दुसऱ्या पत्त्यावर ठेवलं तर वापरणारं कोणी नव्हतं. त्याच कंपनीत असलेल्या तिच्या ओळखीच्या यशपालनं तिचं नाव पुढं केलं होतं. साधं पान दाखवलंस तर शाळेतला प्रकल्प म्हणून हसतील, असंही बजावलं होतं. याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता.

"मामा, जरा थांबा. पहिल्यांदा वेळ लागतो."

"थांबलो की. चा पिऊन झाला." मग त्याचा आवाज उतरला. "दोन नंबरात पाइप फुटलाय. तीन नंबरला नऊच्या ऐवजी आत्ता सहालाच सोडतो. लोकं नऊची वाट बघत बसतील, आन् मग पाच दिवस कोरडे."

प्रतिक्षानं आईच्या फोनवर पान उघडलं. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. पांढरंच. ते हलकं करायला अर्धा दिवस तरी हवा होता.

आई, मनकर्णा, पाण्याची भांडी ओळीनं मांडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पुण्याच्या सायबाकडं चोवीस तास पाणी असंल," ती म्हणाली. "त्याला कशाची घाई?"

प्रतिक्षानं लॅपटॉप मांडीवर ओढला. पाच बावन्नला जुनं पान परत चढलं. मिनिटभरात कल्लप्पानं तीन नंबरची वेळ बदलली. सहापर्यंत एकशे सत्तर फोनांवर ते उघडलं गेलं. गल्लीत दारं वाजू लागली.

दहा पन्नासला तिनं पुण्याला तीच लिंक पाठवली. खाली लिहिलं, 'हे फ्रेमवर्कमध्ये नाही. का, ते विचारलंत तर सांगेन.'

यशपालचे दोन फोन येऊन गेले. तिनं उचलले नाहीत.

संध्याकाळी पाचपर्यंत कंपनीचं उत्तर नव्हतं. पानाच्या नोंदीत पुण्याहून एकच भेट दिसत होती, अकरा वाजून सतरा मिनिटांची. चार सेकंद.