दोन सीडींचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. मधे मी आणि दोन बाजूंना माझे दोन स्पीकर, असा माझा आटोपशीर संसार. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. आत्तासुद्धा तुम्ही माझी हकिकत ऐकायला बसलात की माझं गोल बटण फिरवून बघायला, याची मला खात्री नाही. तेव्हा हात मांडीवर ठेवा आणि ऐका.

हा स्वभाव मला जन्मापासूनच लागला. ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली, तिथे माझ्यावर कोणाचा म्हणून भरवसा नव्हता. एकीने माझा सीडीचा कप्पा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. दुसऱ्याने माझ्या भिंगात डोकावून पाहिलं. तिसरा कान लावून बसला. मी जीव तोडून वाजलो, तर हा नुसता म्हणतो, "हं, बघू." मग माझ्या पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवून मला खोक्यात कोंबलं. ज्याला आल्या आल्या एवढ्या लोकांनी उलटसुलट तपासलं, तो पुढे भोळा कसा राहणार, तुम्हीच सांगा.

दुकानात काचेच्या फळीवर ठेवल्यावर तर विचारूच नका. येणारा-जाणारा बोटं लावायचा. घ्यायचं काही नाही, नुसता चाळा. एक दिवस एक जोडपं आलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. हा मला उघडून बघणार, असं मी लगेच ताडलं. बायको मात्र निराळी. तिने एकाही बटणाला हात लावला नाही. दुकानदाराने मला वाजवून दाखवलं, तेव्हा ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "अहो, उजवीकडे बारीक खरखर येतेय."

"छे हो ताई, नवा माल आहे."

मिस्त्रीने मागची वायर नीट दाबून बसवली आणि खरखर गेली. दुकानदार ओशाळून हसला. असे कान होते आमच्या बाईंचे. मी त्यांच्या घरी आलो.

बाई घरीच शिवणकाम करायच्या. खिडकीजवळ त्यांचं शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीवर, फळीवर मी. जमिनीवर कापडाचे तुकडे, दोऱ्यांची गुंतवळ आणि टाचण्या. टाचण्यांचा मला पहिल्यापासून संशय होता, एखादी माझ्या जाळीतून आत शिरेल म्हणून. पण शिरली नाही कधी. बाईंची कामाची तऱ्हाच अशी होती की त्या घड्याळ बघायच्या नाहीत, माझ्यावर मोजायच्या. एका सीडीत उशांचे अभ्रे, दोन सीडींत पडदा. दारात आलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "किती वेळ लागेल हो?" की बाई मान वर न करता सांगायच्या, "दोन सीडी." नवं माणूस बावचळायचं. जुनी माणसं म्हणायची, "बरं, मग बाजार करून येतो."

सीडी संपली रे संपली की बाईंचा पाय पॅडलवर थांबायचा. शेवटचा सूर विरायच्या आत त्या उठलेल्या असायच्या. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांना त्रास नको म्हणून बाईंच्या लेकीने माझ्या आवाजाच्या बटणापाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. या ठिपक्याच्या पुढे जायचं नाही, असा घरचा कायदा. लेक तेव्हा आईजवळ बसून शिवण शिकायची. बाई तिला सांगायच्या, "खालचा दोरा दिसत नाही गं आपल्याला. बॉबिन रिकामी झाली की मशीनचा आवाज पोकळ होतो. तेवढा कान ठेवायचा. कान गेला की शिवण गेली." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. ज्या घरात कानाला एवढा मान, तिथे माझंही बरंच होणार, असं मी धरून चाललो.

आणि मग कुठेतरी पाणी मुरायला लागलं.

पहिल्यांदा बाईंनी मला लाल ठिपक्याच्या पुढे नेलं. अगदी थोडंसं. मग आणखी थोडं. मी चपापलो. माझा आवाज बसला की काय? मी होता नव्हता तेवढा जोर लावला, तरी बटण पुढेच. मग त्या माझ्या आकड्यांच्या खिडकीकडे टक लावून बघू लागल्या. कितवं गाणं चाललंय, किती वेळ झाला, सारखी नजर. पूर्वी कधी बघायच्या नाहीत. माझ्यात खोट शोधतायत, दुसरं काय! त्याहून वाईट म्हणजे, सीडी संपून मी गप्प झालो तरी त्यांचं मशीन चालूच राहायचं. मान डोलावत शिवतायत. बऱ्याच वेळाने वर बघायचं, आकडे थांबलेले दिसायचे, मग उठायचं. मला हे फार लागलं. मी वाजलो काय न वाजलो काय, हिला काहीच फरक पडत नाही, असं वाटून मी मनातून खचलो.

त्यात एक दिवस मास्तर वर आले. दार मिस्त्रीने उघडलं.

"राग मानू नका, पण गाणी जरा हळू लावाल का? माझ्या भांड्यांची मांडणी हलतेय."

"बघतो मास्तर. बायकोला काही बोलू नका, मी बघतो," मिस्त्री हळूच म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

बायकोला काही बोलू नका? का बरं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी बाई बाजारात गेल्या आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आला. मिस्त्रीने माझ्या डाव्या स्पीकरची वायर सोडवली, तिला लांबच लांब दुसरी वायर जोडली आणि स्पीकर फळीच्या टोकाला नेऊन ठेवला. काही दिवसांनी उजवा उतरून खुर्चीवर गेला. मग डावा फळीवरून कपाटावर, कपाटावरून टेबलावर. दर वेळी बाई घरात नसताना. दर वेळी वीतभर, कापडाच्या गठ्ठ्यांआड. आणि बाई परत यायच्या आत माझं गोल बटण थोडं मागे. माझी खात्रीच पटली. हा मला तुकड्यातुकड्याने मोडीत काढणार. एकदम नेलं तर बायको ओरडेल, म्हणून हळूहळू. वा रे मिस्त्री!

लेक आता नोकरीला लागली होती, तीही कटात सामील झाली. संत्र्याएवढा एक स्पीकर घेऊन आली. "आई, हा बघ. फोनला जोडायचा आणि मशीनवरच ठेवायचा, अगदी तुझ्या कानाशी. त्या धुडाची कटकटच नको."

धूड! माझ्या बटणाला ठिपका लावणारी ही पोर! बाईंनी तो कपाटात टाकला. "मला माझा डबा बरा," म्हणाल्या. डबा म्हणाल्या, तरी मी मनातून त्यांना हात जोडले. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि तो का उतरला, हे मी मूर्खाने पाहिलं नाही. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत त्या घरातलं सगळ्यांत मोलाचं काहीतरी चाललं होतं, आणि मी आपला स्क्रूड्रायव्हर मोजत बसलो होतो.

मग शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांचं काम आलं. गर्द निळं, जाड कापड आणि दोरा तसाच गर्द निळा. शेवटच्या पडद्याचे दोन पट्टे जोडायचे राहिले होते. बाई लांबच लांब टीप मारत होत्या. सीडी संपली. मी गप्प. खोलीत फक्त मशीनचा आवाज. आणि मग तो आवाज पोकळ झाला.

मी लगेच ओळखलं. बॉबिन रिकामी! इतकी वर्षं समोर बसून मी काय ते एवढंच तर शिकलो होतो. बाई, थांबा! खालचा दोरा संपलाय! पण मी पडलो यंत्र, सीडीत जे असेल तेवढंच माझं बोलणं. बाई शिवत राहिल्या. वरून टीप अगदी सरळ, सुबक दिसत होती. खाली काहीच नव्हतं. माझा जीव तळमळत होता. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की माझ्या आवाजाला काही झालेलं नाही. झालंय ते भलतीकडेच.

संध्याकाळी मिस्त्री आणि लेक दोघंही घरी होती. मोठ्या कापडाची घडी बाई आणि मिस्त्री नेहमी मिळून घालायचे. दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. त्यात त्यांची थोडी थट्टाही चालायची. त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "ओढ, ओढ, जोर कर." बाईंनी ओढलं. वरचा दोरा अलगद सुटत गेला आणि पडदा मधोमध उलगडला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा मिस्त्रीच्या.

लेकीला आधी हसू आलं. "आई, अगं बॉबिन संपली होती! तुला कळलं कसं..." एवढं बोलून ती मधेच थांबली.

बाई हातातल्या अर्ध्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या. "नाही कळलं," त्या म्हणाल्या. "मला मशीन ऐकू येत नाही. हाताला थरथर लागते म्हणून चालू आहे एवढं कळतं. डब्याचे आकडे बघून गाणं ओळखते मी." आणि मशीनच्या स्टुलावर बसून त्या रडल्या.

मिस्त्रीने हातातला अर्धा पडदा मशीनवर ठेवला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तू बटण पुढे नेत होतीस. मास्तर आले होते सांगायला. म्हटलं तुला कळायला नको, घाबरशील. म्हणून मी स्पीकरच पुढे सरकवत आणले."

"आणि मला वाटत होतं, आज जरा बरं ऐकू येतंय!" बाई कडाडल्या. "अहो, बरं वाटायचं, म्हणून मी डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलत होते! काय केलंत हे?"

मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. लेक कपाटाशी जाऊन तो संत्र्याएवढा स्पीकर हातात घेऊन उभी राहिली. "मीपण म्हणूनच आणला होता," ती पुटपुटली. "सांगायचा धीर झाला नाही. तूच म्हणायचीस ना, कान गेला की शिवण गेली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरात पाणी मुरत होतं हा माझा संशय अगदी खरा निघाला. तिघंही जण लपवत होतीच. पण माझ्याविरुद्ध कोणीच नव्हतं. बाई त्या दोघांपासून लपवत होत्या आणि ती दोघं बाईंपासून, आणि सगळे एकाच गोष्टीला भीत होते. नुसतं "ऐकू येतं ना गं?" एवढं विचारायला कोणाचं काय जाणार होतं? पण प्रत्येकाला वाटलं, विचारलं की ते खरंच होऊन बसेल.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. घरी आल्यावर बाईंनी चपला काढता काढता सांगितलं, "डाव्याला मशीन लावलं की चालेल म्हणतात. उजव्याचं... म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं." मिस्त्री खुर्चीत बसला होता, तो उठून आत गेला. त्याच्यावरचा माझा राग तेव्हा पुरता गेला. त्याने वीतभर वीतभर करून जे सरकवलं होतं, ते मायेनेच सरकवलं होतं. पण त्या मायेने उजवा कान गेला, हेही तितकंच खरं आहे, आणि त्याला ते जन्मभर सलणार आहे.

आता बाईंच्या डाव्या कानामागे एक चिमुकलं यंत्र असतं. ते लावून त्या पहिल्यांदा खोलीत आल्या, तेव्हा मी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं. नवा गडी, कोणी याला तपासलंय का? बाईंनी मला सुरू केलं आणि दचकून मागे सरकल्या. "अगंबाई! एवढ्यानं बोंबलत होता हा? मास्तर खरंच देवमाणूस." मग त्यांनी बटण मागे फिरवलं, मागे, अजून मागे, थेट लाल ठिपक्यापर्यंत. उजवा स्पीकर परत फळीवर आला. डावा मात्र त्यांच्या मशीनजवळच्या टेबलावर राहिला. आता सगळ्यांना दिसेल असा, उघडपणे.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, भिंगावरची धूळ पुसा, ओल्या हाताने सीडी धरू नका, हे सगळं मी सांगणारच होतो. पण ते राहू द्या. तुमच्या घरात कोणी आवाज वाढवायला लागलं, तर त्याच्यावर ओरडू नका आणि चोरून स्पीकरही सरकवू नका. जवळ जाऊन, तोंडासमोर बसून, सरळ विचारा. लवकर विचारा.

निळा पडदा बाईंनी पुन्हा शिवला. त्या दिवशी मी जरा घाबरतच वाजत होतो. शेवटचं गाणं आलं, संपत आलं, संपलं. मी गप्प झालो आणि बाईंकडे डोळे लावून बसलो. खरं सांगतो, मला भरवसा नव्हता. पण पॅडलवरचा पाय थांबला. त्यांनी मान वर केली, माझ्या आकड्यांकडे नाही, नुसतीच वर.

"संपली," असं म्हणून त्या दुसरी सीडी लावायला उठल्या.