झडपेवरचा पंजा

माहितीपुस्तकात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. हेमांगीनं जळगावच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, ताई, चित्राला भाषा लागत नाही, जगात कुठंही कळतं. मोठा शहाणाच म्हणायचा! त्या जगात त्यानं आमचं यावल धरलं होतं की नाही, देव जाणे.

यंत्र होतं केळीच्या खोडातून धागा काढायचं, परदेशातून आलेलं. पुढच्या तोंडातून खोडाची सोपटं, म्हणजे सोललेले थर, सारायची, आतला दातेरी रोलर ती ओरबाडून काढतो. बचत गटाच्या अकरा बायकांनी मिळून ते आणलं होतं, आणि बारावी झालेली हेमांगी एकटीच, म्हणून पुस्तक तिच्या हाती आलं. वरून ती ऐट दाखवायची, पण त्या दातेऱ्या तोंडाच्या धास्तीनं तीन दिवस तिला घास गोड लागला नव्हता.

पूजेच्या सकाळी गटातल्या लताबाईनं हळद कालवली आणि विचारलं, थापा कुठं मारायचा? नव्या वस्तूवर हळदीचा पंजा उमटल्याशिवाय ती चालवायची नाही, ही आपली रीत. हेमांगीनं पुस्तक उघडलं. दुसऱ्याच पानावर उभा पंजा, बोटं वर, तळवा समोर. यंत्राच्या तोंडावर पत्र्याची झडप होती, तिच्यावरही तस्साच पंजा रंगवलेला. देवाच्या तसबिरीत असतो ना, अभय देणारा, अगदी तसा. तिचा जीव भांड्यात पडला. बघा, तिकडच्या लोकांनीसुद्धा जागा आखून दिलीय, म्हणाली, थापा तिथंच मारायचा.

आणि पहिला थापा सासूबाईंचा, हेही तिनंच ठरवलं. सुंदरबाई धुळ्याकडच्या; इथं इतकी वर्षं काढली तरी तिकडची अहिराणी सुटली नव्हती. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यापासून त्या कुणाच्या हळदीला पुढं झाल्या नव्हत्या. बायकांपैकी एकीनं नाक मुरडलं. मग तर हेमांगी हट्टालाच पेटली. सुंदरबाईंनी हळदीत हात बुडवला, झडपेपर्यंत नेला आणि मागं घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. हेमांगीला वाटलं, लोकांची भीड वाटत असेल.

"आई, आशीर्वादाचा हात आहे तो. ठेवा बिनधास्त."

वायरमन वना बटणापाशी उभा होता. नारळ फुटला की बटण दाबायचं, असं ठरलेलं. लताबाईनं नारळ उचलला. पहिलं सोपट कसं सारायचं ते बघायला हेमांगीनं पान उलटलं. पुढच्या चित्रात तोच पंजा होता. झडप आत ढकललेली, आणि पंजाला बोटं तीनच.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. हात बोलावत नव्हता, अडवत होता. ती ओरडणार तोच नारळ फुटला, वनानं बटण दाबलं, यंत्र घरघरलं.

ती धावली. सुंदरबाईंचा तळवा झडपेवर टेकला होता आणि झडप आत झुकत होती. हेमांगीनं त्यांच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं खेचलं. हात सुटला, पण पदर आत गेला. रोलर तो गुंडाळत सुटला, तशा सासूबाई मानेनं पुढं ओढल्या जाऊ लागल्या. हेमांगी दातओठ खाऊन मागं खेचत होती. घाबरलेल्या वनाला बंद करायचं बटण सापडेना. शेवटी त्यानं भिंतीतली पिनच उपटली.

पदराच्या चिंध्या झाल्या होत्या. हेमांगीनं सासूबाईंचा हात हातात घेऊन बोटं मोजली, मग परत मोजली. पाच होती.  माझंच चुकलं, मला चित्र कळलं नाही, एवढंच ती रडत म्हणत राहिली.

सुंदरबाईंनी फाटका पदर खांद्यावर ओढला. मग त्या हळूच म्हणाल्या, "माले समजनं व्हतं."

हेमांगीनं मान वर केली.

"नाना ग्यात तवपासून मी कोनी हळदले गऊ का बाया असाच हात आडा करतस. मी वळखस तो हात, बेटी. तो नको म्हनी राहिंता."

मग ठेवला कशाला, हे विचारायची हेमांगीला हिंमत होईना. सुंदरबाईंनीच तिचे डोळे पुसले, तिच्या गालाला हळद लागली.

"इतला वरीसमा माले 'या' म्हननारी तू एकलीच. तुले नही कसं म्हनू?"