सुलाबाईची घागर

लॅपटॉपच्या पडद्यावर बाभळी बघून बबिताच्या अंगाचा तिळपापड झाला. राणीसावरगावहून सकाळच्या एसटीनं ती गंगाखेडच्या कॉलेजात आली, प्रदर्शनाच्या टेबलाशी बसली, सगळं ठीक आहे ना म्हणून खेळ सुरू केला, आणि बघते तर काय, अख्खी वस्ती गायब. विहाराची कमान नाही, निळा झेंडा नाही, आईचं घर नाही. तिथं नुसत्या बाभळी.

'बारव' हा खेळ तिनं आणि वर्गातल्या हरिओमनं मिळून केला होता. जुन्या टीव्हीवरच्या खेळांसारखा, जाड ठिपक्यांच्या चित्रांचा. राणीसावरगावसारख्या गावात हिंडायचं, भिंतीतले चोरकप्पे हुडकायचे, कोडी सोडवत बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीच्या, तळाचं शेवटचं दार उघडायचं. चित्रं हरिओमची. कोडी, कुलपं, गुपितं सगळी बबिताची, आणि शेवटचं गुपित तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. खेळून बघणारा एक तरी कोरा माणूस हवा ना.

"वस्ती कुठाय?" तिनं विचारलं.

हरिओम इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारख्या करत होता. त्याचे वडील भुजंगराव, मोठे बागायतदार, आज प्रमुख पाहुणे होते. "काल काढली. नकाशा लय गच्च झालता. आन् झेंडाबिंडा दिसला की लोकं उगं राजकारण काढतेत. खेळ हाय, मजा घ्यायची."

"देवळावरचा झेंडा ठेवलास की."

"देऊळ तर सगळ्यांचंच असतंय. तू कायला चिडायलीस?"

कायला म्हणे! पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावाच्या कडेला ढकललं, त्यांना या पठ्ठ्यानं एका बोटानं कडेवरूनही पुसलं, आणि वर तोंड करून विचारतो, कायला.

तिला उन्हाळा आठवला. चित्रांसाठी फोटो काढायला तो गावात आला होता. वेस, पार, बारव सगळं त्यानं डोळे भरून पाहिलं. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर मात्र मोटारसायकल बंदच करेना. बबिताची आई सुलाबाई तांब्या घेऊन उन्हात रस्त्यापर्यंत आली. "पाणी घे, लेकरा." तर म्हणाला, "आत्ताच प्यालो, मावशी." ओठ कोरडे ठाक पडले होते त्याचे. सुलाबाई भरला तांब्या घेऊन तशीच माघारी फिरली. बबितानं खेळाचं शेवटचं कोडं त्याच आठवड्यात रचलं होतं.

वस्ती असलेली जुनी प्रत तिच्या पेनड्राइव्हवर होती. परत टाकायला कितीसा वेळ? तिनं पिशवीत हात घातलासुद्धा, पण तसाच बाहेर काढला. खेळू दे याला आधी. आपण काय उपटलंय ते याला याच्याच हातानं कळू दे.

भुजंगराव आले, मागं सर, त्यांच्यामागं पोरांची गर्दी. हरिओम ऐटीत खेळायला बसला. वेशीतला चोरकप्पा झाला, देवळामागचं भुयार झालं, सगळे वा वा करायला लागले. तो बारवेच्या तळाशी पोचला. शेवटच्या दारापुढं कोरडी दगडी कुंडी. ती भरली की दार उघडणार हे उघड होतं. पाणी तर खालच्या पायरीशीच होतं, पण आणायचं कशात? घागर हवी. हरिओमनं गावातलं घर न् घर पालथं घातलं. घागर नाही.

"स्वतःचाच खेळ येईना का रे?" भुजंगराव हसून म्हणाले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"बबिता, घागर कुठं ठेवलीस?" हरिओम दबक्या आवाजात म्हणाला.

"सुलाबाईच्या घरी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "जिथं तू बाभळी लावल्यास. इतक्या वेळा हा खेळ खेळलास, एकदा जरी त्या गल्लीत वळला असतास तर सापडली असती. खेळातबी तुझं पाऊल तिकडं पडलं न्हाई."

बबितानं पेनड्राइव्ह लावला, जुनी प्रत सुरू केली. "जा आता."

पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस निळ्या झेंड्याखालून गल्लीत शिरला. दारात ठिपक्यांची सुलाबाई, बबितानं गुपचूप स्वतः काढलेली, तांब्या घेऊन उभी. खाली अक्षरं उमटली : 'आधी पाणी पी, मग घागर ने.'

हरिओमचं बोट बटणावर थबकलं. त्यानं वडलांकडं पाहिलं. भुजंगराव पंख्याकडं बघायला लागले. शेवटी त्यानं बटण दाबलं. घागर मिळाली. पाठ झालेल्या वाटेनं तो झपाझप तळाशी गेला, कुंडी भरली, दार उघडलं. टाळ्या पडल्या.

"झालं ना आता?" तो सुटल्यासारखा हसला. "मिटलं?"

बबिताचा राग तसूभरही उतरला नव्हता. खेळातलं पाणी प्यायला कुणाचं काय जातं? तिनं पिशवीतून बाटली काढली, सकाळी सुलाबाईनं घरच्या रांजणातून भरून दिलेली, आणि त्याच्या हाताशी ठेवली.

"आईनं दिलेलं हाय. उन्हाळ्यातलं राहिलंय तुझं."

हरिओमनं बाटलीकडं पाहिलं, मग पुन्हा वडलांकडं.

"आत्ताच प्यालो," तो म्हणाला.

बबितानं खेळ बंद केला आणि पेनड्राइव्ह काढून घेतला. त्याच्या लॅपटॉपवर आता बाभळींचा तेवढा खेळ उरला, आणि त्यातलं दार कधीच उघडणार नव्हतं. बाटलीतलं पाणी ती सगळ्यांदेखत घटाघटा प्याली आणि बसस्टँडकडं निघाली.