सकाळी दोन, संध्याकाळी दोन

“उपाशी मारतायत तुला. माणसं नाहीत ही, कसाई आहेत.”

काचेच्या टाकीला नाक लावून कंपाउंडर पुटपुटत होते. बायको त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर टेबल पुसत उभी. एरवी तिला हसू आलं असतं. पण त्यांचा हात खिशातून बाहेर आला आणि हातात माशाच्या खाण्याची डबी दिसली. कालच तिने ती शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या तळाशी दडवली होती.

“अहो, मी घातलंय आत्ताच.”

“किती?”

“दोन गोळ्या.”

“मग ठीक,” म्हणत त्यांनी डबी खाली ठेवली.

तिने काहीच घातलं नव्हतं. शोभेच्या माशांच्या दुकानदाराने फोनवर माशाला तीन दिवसांचा कडकडीत उपास सांगितला होता, त्यातला हा दुसरा.

चाळीस वर्षं दवाखान्यात त्यांनी औषधाच्या पुड्या बांधल्या. डॉक्टर चुकेल, पण कंपाउंडर चुकायचा नाही, अशी ख्याती. निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून मुलाने हा लढाऊ मासा आणला; निळा, झुलत्या पंखांचा, आणि दुसरा मासा दिसला की जिवावर उठणारा, म्हणून एकटा. नाव पडलं पैलवान. पहिल्याच दिवशी कंपाउंडरांनी डबीवर चिठ्ठी डकवली. ‘सकाळी २, संध्याकाळी २. जास्त देऊ नये.’ अक्षर मोत्यासारखं. चिठ्ठी अजून तशीच होती. फक्त सकाळ हल्ली दिवसातून पाच-सहा वेळा होऊ लागली होती.

आता पैलवानाचं पोट टम्म फुगलं होतं, खवले उभे राहिले होते. मघाचं बोलणं झाल्यावर ती अंघोळ करून आली तर टाकीच्या तळाशी पुन्हा मूठभर गोळ्या. बाही वर सारून चमच्याने तिने त्या उपसल्या, पेल्या-पेल्याने निम्मं पाणी बदललं. आणखी काय करायचं असतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा पैलवान कुशीवर पडून होता. तिघं टाकीभोवती उभे राहिले.

“पाण्यात क्लोरीन जास्त असेल,” बापाकडे न बघता मुलगा म्हणाला.

“गारठाही केवढा पडलाय,” ती म्हणाली. “शिवाय परवा माझ्याच हातून डबी कलंडली.”

इतक्या वर्षांत तिला एक धड थाप मारता आली नव्हती. आता एकीमागून एक सुचत होत्या.

कंपाउंडरांनी चष्मा चढवला, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. बोलले तेव्हा आवाज जुना होता, दवाखान्यातला.

“गारठा नाही नि पाणी नाही. हे अति खाल्ल्याचं पोट आहे. याला डोस कोण देतं?”

मुलगा टाकीच्या दिव्याची वायर सरळ करू लागला. ती सरळच होती. तिने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

कंपाउंडर आपल्या हाताकडे बघत होते. अंगठ्याला आणि तर्जनीला तांबूस भुकटी चिकटली होती. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

“मीच,” ते म्हणाले.

“अहो, तसं काही—”

“अगं, मला हल्ली आठवत नाही. तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे ते.”

पैलवानाचा कल्ला एकदा उघडला, मिटला. कंपाउंडरांनी सदऱ्याच्या खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली, वाकलेला कोपरा नखाने सरळ केला आणि ती तिच्या हातातल्या फडक्यावर ठेवली.

“ह्यासुद्धा आजपासून तूच काढून देत जा.”